श्रीमती मारी कोंडो यांना माळीवाड्यातून अनावृत पत्र

श्रीमती मारी कोंडो यांस,
मु. पो. जपान

स. न. वि. वि.

2011 साली तुम्ही आवराआवरीचं पुस्तक लिहिलंत, 2019 मध्ये नेटफ्लिक्सवर लोकांच्या घरांत शिरून त्यांची कपाटं उपसलीत, आणि तेव्हापासून आमच्या सूनबाई माळ्याकडे ज्या नजरेने पाहतात, ती नजर काही बरी नाही. वस्तू हातात घ्यायची, मनाला आनंद होतो का ते बघायचं, होत नसेल तर तिचे आभार मानून तिला निरोप द्यायचा, ही तुमची रीत. नगर जिल्ह्यात ती अमलात आणण्याआधी काही बाबी आपल्या कानावर घालणं मी माझं कर्तव्य समजते.

पहिली बाब. घर रिकामं कसं करायचं, हे आम्हाला शिकवू नये. पितृपक्ष सरत आला की घट बसायच्या आत आमचं अख्खं घर अंगणात येतं. गोधड्या, वाकळा, सतरंज्या विहिरीवर नाहीतर कॅनॉलवर जातात. फळीवरचा शेवटचा पितळी डबा चिंचेने घासून निघतो. दुपारी घर इतकं मोकळं होतं की हाक मारली तर घुमते. संध्याकाळी सगळं जिथल्या तिथे परत. टाकायच्या म्हणून काढलेल्या साड्या बोहारणीपुढे ठेवाव्यात, तर ती बदल्यात स्टीलचं पातेलं देऊन जाते. एक अडगळ गेली, दुसरी चकचकीत होऊन आली.

दुसरी बाब कागदांची. तुमचा नियम सोपा आहे: सगळे टाका. बाई, हे वाक्य एकदा तहसील कचेरीच्या आवारात उच्चारून पाहा. आमच्या राज्यात ओबीसीचा दाखला काढायचा तर 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा दाखवावा लागतो. तो आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यात असतो आणि दाखला माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, उंदरांनी कडा कुरतडलेला. 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि बंबात जायचे राहिलेले मोडी कागद एकाएकी घरातले थोरले झाले. ते वाचायला माणूस मिळेना. ती ट्रंक उचलताना आनंद वगैरे होत नाही, कंबर धरते. पण नातवाची ॲडमिशन तिच्यात आहे. त्यात 2024 पासून आमचं अहमदनगर अहिल्यानगर झालं. आता जुन्या नावाचे आणि नव्या नावाचे, दोन्ही कागद जपून ठेवलेत. कुठला साहेब कुठला मागेल, नेम नाही.

तिसरी बाब भांड्यांची. तुमच्या कार्यक्रमातला ओटा पाहिला. सुरेखच. आमच्याकडे हंडे, कळश्या, पिंप, तेलाचे रिकामे कॅन, रंगाच्या बादल्या. पाथर्डी, पारनेर, कर्जत भागात उन्हाळ्यात वस्तीवर टँकर येतो, तेव्हा घरात जितकी भांडी तितकंच पाणी. त्या घटकेला बाईच्या हाती रंगाची बादली द्या आणि आनंद होतो का, ते विचारा. आमच्या सासूबाईंनी 1972 चा दुष्काळ काढला, रेशनची मिलो आणि सुकडी खाऊन. डालड्याचा रिकामा डबाही त्यांच्या हातून सुटत नसे. आम्ही हसायचो. त्या मनात हिशेब करत असायच्या: जे पुन्हा मिळेल याची खात्री, तेवढंच फेकायचं. असं त्यांच्या घरात काहीच नव्हतं.

आणि जपून ठेवणारे आम्ही एकटेच नाही. लष्कराने 1994 मध्ये नगरला रणगाड्यांचं संग्रहालय काढलं. 1965 च्या युद्धात पाकिस्तानकडून हाती लागलेला पॅटनसुद्धा तिथे ऐटीत उभा आहे. लोक मुलाबाळांसह तिकीट काढून बघायला जातात. आमच्या जिन्याखाली यांची सेवानिवृत्त लुना उभी आहे, तिला मात्र घरात भंगार म्हणतात.

चौथी बाब, आणि ही जरा बसून ऐकावी. तुमच्या शिकवणीत पहिले येतील असे लोक आमच्या जिल्ह्यात आहेत. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची ऊसतोड कुटुंबं. दसरा झाला की मुकादमाची गाडी दारात येते. उचल आधीच खर्चून झालेली असते. तवा, परात, दोन पातेली, पाण्याचा ड्रम, बाजरी, गोधड्या, कोयते, पोरं, जमलं तर शेळी. सगळा संसार ट्रॉलीत मावतो आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत कुठल्या तरी कारखान्याच्या तळावर, कोपीत राहतो. अनावश्यक म्हणून एक चमचा सापडायचा नाही. याच जिल्ह्यात प्रवरानगरला 1950-51 च्या हंगामात सहकारी कारखान्याचं पहिलं गाळप झालं. साखर झाली, साखरेतून बंगले झाले, बंगल्यांत कपाटं आली, कपाटांत पसारा आला आणि तो आवरायला तुमचं पुस्तक आलं. तळावर मात्र ते अजून पोचलेलं नाही. तिथे घरात एखादी वस्तू जास्तीची यावी म्हणून माणसं हंगामामागून हंगाम ऊस तोडतात.

तरी पुढच्या आवृत्तीत एवढी दुरुस्ती व्हावी, ही विनंती. आनंद होतो का, हे विचारण्याआधी ‘गरज पडली तर पुन्हा घ्यायला परवडेल का?’ हा प्रश्न घालावा. ‘हो’ म्हणणाऱ्यांनीच पुढचं पान उलटावं. आमच्याकडूनही सहकार्य राहील. जुनी कालनिर्णयं यंदा रद्दीत घालायचं नक्की केलं आहे. ज्यांवर गॅसच्या टाकीच्या आणि दूधवाल्याच्या नोंदी आहेत, तेवढी ठेवू. म्हणजे सगळीच.

कळावे, लोभ असावा.

आपली,
माळ्याची एकमेव वारसदार,
माळीवाडा, अहिल्यानगर

ता. क. तिसरं मूल झाल्यावर आवरणं आपल्याच्यानेही बरंचसं सुटलं, असं तुम्ही 2023 मध्ये सांगितल्याचं वाचलं. ऐकून जीव भांड्यात पडला. तिकडे रिकामे डबे साठले असतील तर आभार मानून टाकू नका. इकडे पाठवा, झाकणांसकट.