‘आलं’चा रकाना

वडिलांची एक लांबट वही होती. वाण्याकडे उधारीची असते तशी, लाल कापडी बांधणीची. तिच्यात चार रकाने : पुस्तक, नेणार, तारीख आणि आलं. पहिले तीन फाउंटन पेनच्या निळ्या शाईने गच्च भरलेले. चौथा मात्र नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून लोकांना पुस्तकं देतंय आणि परतही घेतंय. आमच्या घरच्या वाचनालयाला यातली अर्धीच विद्या साधली होती.

पुढे कपाट आणि वही दोन्ही माझ्याकडे आली. वही लिहायचा मला कंटाळा. म्हणून मी एक युक्ती काढली. कोणी पुस्तक मागितलं की त्याला गॅलरीत उभं करायचं, मुखपृष्ठ बाहेर ठेवून पुस्तक छातीशी धरायला लावायचं आणि मोबाइलवर फोटो घ्यायचा. तारीख, वेळ फोन आपणहून टिपतो. मागच्या भिंतीवर उंचीच्या रेघा तेवढ्या मारायच्या राहिल्या.

‘‘अहो, माणसं चहाला येतात आपल्याकडे,’’ बायको म्हणाली. ‘‘तुम्ही त्यांना चौकीत आणल्यासारखं काय उभं करता?’’

मला वाटत होतं, ही अक्कल माझीच. पण विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट नावाच्या इंग्रज गृहस्थांनी मला पावणेदोनशे वर्षं आधीच गाठलं होतं. त्यांचं ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हे पुस्तक १८४४ ते १८४६ या काळात सहा भागांत निघालं. त्यात २४ छायाचित्रं, तीही छापलेली नव्हेत, खरीखुरी, पानांवर चिकटवलेली. एका छायाचित्रात मांडणीवर चिनी मातीची भांडी आहेत. त्याखाली टॅल्बटसाहेबांनी सुचवलंय की उद्या चोराने हा ऐवज लांबवला, तर हे चित्र कोर्टात पुरावा म्हणून उभं करता येईल. म्हणजे फोटोग्राफी अजून रांगत होती, तेव्हाच तिच्याकडून पंचनाम्याची अपेक्षा सुरू झाली होती! माझ्या मनावरचं ओझं बरंच उतरलं.

त्याच पुस्तकात ग्रंथालयाचंही एक चित्र आहे. दोन फळ्या, त्यांवर ओळीने पुस्तकं. गंमत अशी की ते ग्रंथालयात घेतलेलंच नाही. तेव्हाच्या कागदावर प्रतिमा उमटायला भरपूर उजेड लागायचा आणि घरातला उजेड पुरत नसे. मग पुस्तकं बाहेर नेऊन उघड्यावर मांडली आणि नाव मात्र ग्रंथालयाचं दिलं.

हे वाचून मी मोठ्याने हसलो, कारण असलंच एक ग्रंथालय आमच्याही घरी आहे. वडिलांकडे आग्फा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये १२ फोटो. त्यामुळे प्रत्येक फोटोआधी घरात अर्थसंकल्पी अधिवेशन भरायचं. सुताराने पुस्तकांचं कपाट आणून दिलं, तेव्हा हट्टाने दोन फोटो कपाटाला मंजूर झाले. पहिला माजघरात घेतला. तो धुऊन आला तो निव्वळ काळा चौकोन. दुसऱ्यासाठी वडिलांनी सगळी पुस्तकं अंगणात काढून बाकावर रचली. आजी तिथेच खाटेवर कुरडया घालत होती. तिला सरकायला सांगितलं, तर म्हणाली, ‘‘ऊन काही तुझ्या एकट्याचं नाही.’’ तो फोटो अजून आहे. पुस्तकांची नावं वाचता येत नाहीत. कुरडया मात्र मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ.

तर माझे पंचनामे. सुरुवातीला मी समोरून, सरळ फोटो घ्यायचो. हळूहळू लक्षात आलं की साडेचारच्या सुमारास गॅलरीच्या ग्रिलची सावली माणसाच्या खांद्यावरून पुस्तकावर उतरते, वहीच्या रेघांसारखी. मग मी साडेचारच्या आधी कोणाला पुस्तक देईनासा झालो. चहा दोनदा व्हायला लागला. तो कोण करायचं, हा स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. आणखी एक कळलं. ‘एक, दोन, तीन’ म्हटलं की चेहऱ्याचा पुतळा होतो. तेव्हा आधी ‘झालं’ म्हणायचं. माणूस सुटकेचा श्वास टाकतो, मान खाली घालून पुस्तक चाळू लागतो आणि तेव्हा बटण दाबायचं.

हे ‘झालं’नंतरचे फोटो मी रात्री बघत बसतो. वरच्या मजल्यावरच्या मुलाने पुस्तकात आधीच बोट घालून ठेवलंय, घरी पोचेपर्यंतही त्याला दम नाही. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ पुस्तक नोटांच्या बंडलासारखं अंगठ्याने फुरर्कन चाळतायत. एका आजींनी ते दोन्ही हातांत नैवेद्याच्या ताटासारखं धरलंय.

समोरच्या काकूंनी ‘रुचिरा’ नेलं होतं. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० सालचं. आमची प्रत आईची, तिच्यात कुठला पदार्थ किती वेळा झाला ते डागांवरून सांगता येतं. काकूंनी ते परत आणलं, तेव्हा चकलीच्या पानावर तेलाचा एक नवा, रुपयाएवढा डाग होता. त्या ओशाळल्या. मी ते पान उन्हासमोर धरलं. तेल मुरलं होतं तिथे कागद पारदर्शक झाला होता आणि मागच्या पानावरची अक्षरं उलटी होऊन त्यात तरंगत होती. मी सात फोटो काढले. ‘‘चकल्या तरी चांगल्या झाल्या होत्या हो,’’ काकू म्हणत राहिल्या.

गेल्या रविवारी मेहुणे आले. तीन वर्षांपूर्वी नेलेलं चरित्र त्यांनी टेबलावर ठेवलं, शर्टाची कॉलर सारखी केली आणि म्हणाले, ‘‘भावजी, हे आणलंय. आता माझा तो फोटो काढून टाका.’’

मी फोन उघडला. ऊन त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर होतं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि पुस्तकाचं पहिलं पान वाचताना तोंड किंचित उघडं. दुकान, हप्ते, गुडघेदुखी यांतलं काहीच त्या चेहऱ्यावर नव्हतं. असा चेहरा मी लग्नाच्या अल्बममध्येही पाहिला नव्हता.

मी पुस्तक उचललं आणि त्यांच्या हातात परत दिलं.

‘‘न्या,’’ म्हटलं. ‘‘अजून हवं तर कपाटातलं आणखी एक न्या.’’

ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग घड्याळात पाहिलं आणि केसांवरून हात फिरवत, न सांगता, गॅलरीत जाऊन उभे राहिले.