बोलके अप्पा, मुके करकोचे

वडाळे तळ्याकाठी सकाळी कुणी पाण्याकडे बोट दाखवून "बगळा बघ" म्हणालं, की अप्पा आलेच. "कशावरून बगळा? बगळा उडताना मान मुडपून घेतो, करकोचा सरळ ताणतो. थांबा, उडू दे त्याला." त्या माणसाची लोकल पनवेल सोडून खांदेश्वरला पोचते, तेव्हा कुठे पक्षी उडतो. मान मुडपून. "बगळाच," अप्पा समाधानाने म्हणतात, "पण खात्री झाली ना?"

अप्पा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, आता स्वतःची थकबाकी वसूल करतायत. आणि नाद लागला तो करकोच्यांचा! प्रौढ करकोच्याला आवाज जवळजवळ नसतोच, चोच वाजवून तो भागवतो. ही माहितीसुद्धा अप्पाच देतात, चहा निवेपर्यंत. वहिनी म्हणतात, "पक्षी बरोबर निवडलाय. मध्ये बोलत नाही."

जगात करकोच्यांच्या वीसेक जाती. अप्पांनी त्यातल्या बऱ्याचशा आळीत वाटून टाकल्यात. तोंड कायम किंचित उघडं असणारा केमिस्ट म्हणजे मुग्धबलाक. त्या पक्ष्याची चोच मिटली तरी मध्ये फट राहते, आणि तिच्या जोरावर तो गोगलगायी खातो. लग्नाकार्यात गुलाबी शेला मिरवणारे काका म्हणजे चित्रबलाक. सोसायटीच्या सेक्रेटरींना त्यांनी आफ्रिकेतला मराबू ठरवलं. सेक्रेटरी खूश झाले. घरी जाऊन त्यांनी मोबाइलवर मराबू पाहिला: डोक्याला टक्कल, गळ्याखाली लोंबती पिशवी, मुक्काम उकिरड्यावर. अप्पांच्या गळक्या पाइपचा अर्ज तेव्हापासून तसाच पडून आहे.

बारशाला अप्पांना बोलावणं धाडसाचं. युरोपात बाळ करकोचा आणतो असं मानतात, इथून सुरुवात होते. "हिचं सिझेरियन झालंय हो," असं बाळाची आजी सांगते, पण तोवर अप्पा 1822 सालच्या जर्मनीत पोचलेले असतात. तिथे मानेत आफ्रिकी भाला रुतलेला करकोचा सापडला आणि हे पक्षी हिवाळ्यात जातात कुठे, याचा पुरावा मिळाला. भाला जणू अप्पांनीच उपसला होता. मग जेवणं. पानात आमरस वाढला जात असतानाच त्यांना आठवतं, की उन्हाळ्यात करकोचे स्वतःच्याच पायांवर विष्ठा सोडतात. ती वाळताना पाय गार होतात. आमरस त्या दिवशी पुष्कळ उरतो.

मागे आम्हा चौघांना ते उरणच्या पाणथळीवर घेऊन गेले. पाण्याकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून अप्पा करकोच्याचं उड्डाण समजावत होते. त्यांच्या मागून पाच मुग्धबलाक उठले, माना सरळ ताणून डोंगराच्या दिशेने निघून गेले. केमिस्टने दोनदा तोंड उघडलं. "प्रश्न शेवटी," अप्पा म्हणाले.

"आज नशिबात नव्हते," गाडीत बसताना ते हळहळले. पुढच्या रविवारी पुन्हा यायचं ठरलं. म्हणजे अप्पांनी ठरवलं.