बापूकाकांची पारध

आमचे बापूकाका चौदा महिने कॅमेरा घेत होते. व्याकरणात याला अपूर्ण भूतकाळ म्हणतात. बापूकाकांच्या बाबतीत तो स्वभाव आहे. इतर माणसं वस्तू घेतात म्हणजे दुकानात जातात, पैसे मोजतात आणि खोकं काखेत मारून घरी येतात. बापूकाकांच्या घेण्यात हे तिन्ही प्रकार अगदी शेवटी, आणि तेही नाइलाजाने येतात. घरातला मिक्सर त्यांनी असाच अडीच वर्षं घेतला. तो आला तोवर काकूंचा पाट्यावरचा हात असा बसला होता, की अजूनही त्या मिक्सरला 'तुमचा मिक्सर' म्हणतात.

कॅमेऱ्याची सुरुवात कणगरांपासून झाली. कणगर म्हणजे रताळ्याचा कोकणी मावसभाऊ. उकडून मिठाबरोबर खायचा. देवरूखच्या अलीकडे आमचं घर, मागे उतरता परसू, त्यात पोफळी, केळी, दोन फणस, आणि गडग्यापलीकडे रान. एका सकाळी कणगरांचा अख्खा वाफा उकरलेला दिसला. गडी म्हणाला, डुक्कर. काकू म्हणाल्या, साळिंदर. शेजारच्या भाऊंनी 'चोर दोन पायांचाही असू शकतो' असं दोन घरं पलीकडे बघत सांगितलं. बापूकाका वाफ्याशी उकिडवे बसून माग शोधू लागले, पण रात्री सर येऊन गेली होती आणि मातीचा नुसता चिखल झाला होता.

"पुरावा पाहिजे," बापूकाका उठत म्हणाले. ते पंचवीस वर्षं तलाठी कार्यालयात होते.

खरं तर या घराण्यात पुरावा मागायची पद्धत नव्हती. आजोबांची ठासणीची बंदूक होती. ओटीवरच्या भिंतीत तिची खुंटी अजून आहे. तिच्यावर हल्ली छत्री असते. डुकरं माजली की आजोबा माणसं जमवून रान उठवायचे. हाकाऱ्यांत बापूकाका रॉकेलचा रिकामा डबा वाजवत पुढे असायचे, आणि पुढच्या वर्षी हातात बंदूक मिळेल अशी त्यांना आशा होती. पुढच्या वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला. साल १९७२, बापूकाका सोळा वर्षांचे. म्हणजे पारध हातात यायची आणि बंद व्हायची वेळ एकच. दबा धरून बसणं, वारा बघणं, घाई न करणं, हे सगळं शिकून तयार असलेला माणूस पुढे पन्नास वर्षं नुसता बाजारात हिंडला. भाजीवाल्यांनी त्याचे परिणाम भोगले आहेत.

झाडाला बांधून ठेवायचा, जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा असा कॅमेरा असतो, हे त्यांना गावात खवले मांजरावर काम करायला आलेल्या एका संशोधक मुलीकडून कळलं. ती त्याला 'कॅमेरा ट्रॅप' म्हणायची. बापूकाकांनी लगेच 'ट्रॅप' शब्द उचलला आणि किंमत विचारली. पाच-सहा हजारांपासून पुढे कितीही, असं ती म्हणाली. 'पुढे कितीही' हे शब्द तिने उच्चारायला नको होते.

त्या रात्री पतपेढीची जुनी डायरी निघाली. तिच्यात त्यांनी रकाने आखले. ते मी पाहिले आहेत, आणि कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा ते सरस होते. पहिला रकाना 'नाक': किती अंतरावरचं जनावर कळतं. दुसरा 'झडप': जनावर समोर आल्यापासून फोटो निघेपर्यंत किती वेळ जातो. तिसरा 'दम': एक फोटो काढून दुसऱ्याला तयार व्हायला किती वेळ लागतो. चौथा 'पोट': सेल किती खातो. पाचवा 'डोळे', म्हणजे रात्रीचा अदृश्य उजेड. शेवटच्या रकान्याला नाव नव्हतं, नुसतं रुपयाचं चिन्ह होतं, आणि तोच रोज खोडला जायचा.

मेगापिक्सेलला मात्र डायरीत जागा नव्हती. त्याचं कारण पुढील संवादात आहे.

"अगं बाळ, या स्वस्तावर अठ्ठेचाळीस लिहिलंय, आणि त्या दुपटीच्यावर चोवीस. असं कसं?"

"काका, स्वस्तातल्याच्या आत सेन्सर बहुतेक चार-पाचचाच असतो. कॅमेरा मधले ठिपके स्वतःच्या मनाने भरतो आणि आकडा फुगवतो."

"म्हणजे पाहुणे वाढले की आमटीत पाणी."

"अगदी तसंच."

"मग फोडणीचं बोल. आकडे राहू देत."

फोडणी म्हणजे झडप. चांगला कॅमेरा सेकंदाच्या पाव भागात फोटो काढतो, स्वस्तातला एखादा सेकंद घेतो. एका सेकंदात जनावर निघून जातं आणि फोटोत शेपटी उरते. मुलीने हे नीट समजावलं. बापूकाकांनी ते नीट लिहून घेतलं, आणि पुढचे दहा महिने झडप चांगली पण किंमत शेपटीएवढी, असा कॅमेरा शोधण्यात घालवले.

पुण्यात मला फोन यायचे, सकाळी सहाला. "फर्ग्युसन रोडला एक दुकान आहे म्हणे. नुसतं विचारून ये. घ्यायचा नाही." मी विचारून यायचो. दुकानदार मला ओळखू लागला, नंतर ओळख दाखवेनासा झाला. पेनसिल्व्हेनियात माझा मावसभाऊ आहे, त्यालाही कामाला लावलं. तिथे हे कॅमेरे हरणांच्या शिकाऱ्यांसाठीच निघतात. दुकानात भिंतभर, झाडाच्या सालीसारखे रंगवलेले, खोक्यांवर शिंगंवाले नर. विक्रेत्याने भावाला विचारलं, जमीन किती एकर? भाऊ म्हणाला, पंधरा गुंठे, पण वाटण्या व्हायच्यात. तिथला फोटो मोबाइलवर पाठवणारा कॅमेरा भावाने जवळजवळ घेतला होता. तो तिथल्याच कंपन्यांच्या नेटवर्कवर चालतो हे वेळेत कळलं म्हणून वाचलो. आमच्या वाडीत आधीच मोबाइलला रेंज फणसाच्या दुसऱ्या फांदीवर चढल्यावर येते. ॲरिझोनाने तर २०२२ पासून शिकारीसाठी असे कॅमेरे वापरायलाच बंदी केली आहे, हेही भावाने कळवलं. शिकाऱ्याने घरबसल्या हरणाचा ठावठिकाणा काढणं हा काही न्याय नव्हे, असं तिथल्यांचं म्हणणं. बापूकाकांना हे फार पटलं. "आजोबा चार रात्री माळ्यावर बसायचे," ते म्हणाले, आणि त्याच दमात विचारलं, "मग तिथले जुने कॅमेरे आता स्वस्तात निघाले असतील?"

मधेच त्यांना फुकटचा मार्ग सापडला. चॅम्पियन नावाच्या इंग्रज वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात उत्तरेच्या जंगलात वाघाच्या वाटेवर दोरा ताणून, वाघाचाच पाय लागून फोटो निघेल अशी योजना केली होती. १९२७ साली त्याचं पुस्तकही आलं. बापूकाकांनी दोरा ताणला. कॅमेरा नसल्यामुळे दुसऱ्या टोकाला देवघरातली पितळी घंटा बांधली. पहाटे दोनला घंटा वाजली, सगळं घर बॅटऱ्या घेऊन धावलं. शेजारच्या भाऊंची गाय होती. काकूंनी घंटा पुन्हा देवघरात नेली आणि आठवडाभर आरतीशिवाय कुणाशी बोलल्या नाहीत.

वनरक्षकालाही विचारून झालं. स्वतःच्या परसात खुशाल लावा, रानात मात्र परवानगीशिवाय नाही, आणि बिबट्या आलाच तर फोटो गावभर फिरवू नका, नाहीतर बघ्यांची जत्रा भरते, असं तो म्हणाला. बापूकाकांनी विचारलं, खात्याचा एखादा जुना कॅमेरा लिलावात निघतो का?

किमतीची शिकार शेवटी दिवाळीच्या सुमारास आटोपली. ₹६,९९९ चा कॅमेरा सणाच्या सवलतीत ₹६,४५० ला आला. बापूकाका दबा धरून बसले. सहा हजारांच्या टप्प्यात आल्याशिवाय बार काढायचा नाही. पाचव्या दिवशी तो ₹७,४०० वर गेला. बापूकाका तीन दिवस जेवले नाहीत, म्हणजे रात्रीचे जेवले नाहीत. पुढल्या महिन्यात तो पुन्हा ₹६,९९९ झाला आणि त्यांनी घेतला. चौदा महिन्यांपूर्वी डायरीच्या पहिल्या पानावर पहिल्या ओळीत जी किंमत होती, तीच.

खोकं उघडलं आणि कळलं की त्याला आठ पेन्सिल सेल लागतात. बापूकाकांनी घरातले चार्ज होणारे सेल घातले. पण ते दीडऐवजी सव्वा व्होल्टचे, आठ मिळून बारा व्होल्ट भरेनात. कॅमेऱ्याला वाटलं सेल मेले. मग टीव्हीचा रिमोट, दोन घड्याळं आणि काकूंचा रेडिओ यांतून सेल गोळा झाले. त्या दिवसापासून आमच्या माजघरात चार वाजून दहा मिनिटं झालेली आहेत.

आता कॅमेरा लावणं. हे दृश्य मी सुट्टीत गेलो होतो म्हणून डोळ्यांनी पाहिलं. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर बांधायचा, आणि मग जनावराच्या उंचीने समोरून जाऊन बघायचं; त्याला कळलं की पुढचा लाल दिवा लुकलुकतो. दिवेलागणीची वेळ. अडुसष्ट वर्षांचे बापूकाका, धोतर खोचून, चारी हातापायांवर पोफळीखालून रांगत चालले. दिवा लागला नाही.

"बापूकाका, सरळ त्याच्या अंगावर जाऊ नका, आडवे जा," मी म्हणालो. हे मलाही त्या मुलीनेच सांगितलं होतं. ऊब समोरून येते तेव्हा कॅमेऱ्याला उशिरा उमगते, आडवी सरकली की चटकन कळते.

ते आडवे गेले. दिवा लुकलुकला. त्यांचा चेहरा असा फुलला की मला रॉकेलचा डबा वाजवणारा मुलगा दिसला. मग ते मान खाली घालून, थोडं घुरघुरत, पुन्हा एकदा गेले. घुरघुरण्याची गरज नव्हती.

चौथ्या दिवशी ते परत रांगत जाऊन आले, कॅमेरा जिवंत आहे ना बघायला. सातव्या दिवशी कार्ड काढून माझ्या लॅपटॉपला लावलं. काकू पदराला हात पुसत आल्या, गडी दाराशी, भाऊ खिडकीशी. एकूण ६११ फोटो. त्यातले ४०२ एका केळीच्या पानाचे. कॅमेरा पूर्वेला तोंड करून लावला होता. सकाळचं ऊन लागून पान तापायचं, वाऱ्याने हलायचं, आणि कॅमेऱ्याला वाटायचं, आलं जनावर. काकू एकसष्ट, बहुतेक पाठमोऱ्या, बादलीसह. गडी अडतीस, त्यातल्या काहींत तो पोफळीखाली झोपलेला होता, म्हणून तो दारातून नाहीसा झाला. वानरं एकोणतीस, एकाने कॅमेऱ्याला दात दाखवले होते. बापूकाका स्वतः सत्तावन्न, चारी पायांवर.

तेवीस शेपट्या निघाल्या. झडप एका सेकंदाची, त्यामुळे प्रत्येक जनावर फोटोतून बाहेर पडता पडता सापडलेलं. मुंगसाची, उदमांजराची, आणि सात फोटोंत फिस्कारलेले काळे-पांढरे काटे घेऊन चौकटीबाहेर जाणारा एक मागचा भाग.

"साळिंदर," काकू म्हणाल्या आणि आमटी उतरवायला आत गेल्या.

एक फोटो उरला होता. त्याच्या आधीच्या फोटोत, तारीख लावायची राहून गेल्यामुळे कॅमेऱ्याच्या मते ४ जानेवारी २०१५, वेळ तीन एक्केचाळीस, बापूकाका रांगताना. त्यापुढचा फोटो चारचा. त्याच पोफळीखाली, जिथे बापूकाकांच्या हातांचे ठसे उमटले असणार तिथे, एक बिबट्या. आडवा उभा, शेपटीसकट संपूर्ण, मान वळवून सरळ आमच्याकडे बघत.

मध्ये एकोणीस मिनिटं. कुणी काही बोललं नाही. भाऊंनी खिडकी ओढून घेतली. काकू पुन्हा बाहेर आल्या, बघितलं, आणि म्हणाल्या, "उद्यापासून त्या बाजूला रांगायचं असेल तर मला आधी माहेरी पोचवा."

बापूकाकांनी डायरी ओढली. २०१८ च्या व्याघ्रगणनेचे आकडे त्यांनी केव्हाच उतरवून ठेवले होते: २६,८३८ ठिकाणी कॅमेरे, ३,४८,५८,६२३ फोटो, त्यांत बिबट्यांचे ५१,७७७. त्यांनी भागाकार केला. "सरकारला सहाशे त्र्याहत्तर फोटोंमागे एक बिबट्या पडला. आपल्याला सहाशे अकरात. केळीची पानं धरून."

मग चष्मा कपाळावर चढवून ते पडद्याजवळ गेले आणि बराच वेळ बिबट्याच्या डोळ्यांकडे बघत राहिले. आपल्यामागे एकोणीस मिनिटांनी आलेल्या जनावराकडे माणूस जसा बघेल असं मला वाटलं, तसं ते नव्हतं.

"बघ, सरळ इकडे बघतोय," ते पुटपुटले. "दिवा दिसला त्याला. हा साडेआठशे नॅनोमीटरवाला, अंधारात बारीक लाल दिसतो. नऊशे चाळीसचा असता तर याला पत्ता लागला नसता. मी तेव्हाच म्हणत होतो."

"तेव्हा नऊशे चाळीसचा दीड हजाराने महाग होता, बापूकाका."

"तेव्हा होता," ते म्हणाले, आणि खुंटीवरची छत्री बाजूला करून तिच्यामागे अडकवलेली पतपेढीची या सालची कोरी डायरी काढली.