सिग्नलवर यू-टर्न कसा घ्यावा

सिग्नलवर यू-टर्न घ्यायचा तर तयारी डाव्या लेनमधून करावी. आधीपासून दुभाजकाला चिकटून उभं राहिलं, की आपला बेत सगळ्या चौकाला कळतो.

बाण हिरवा व्हायला पाच सेकंद उरले, की आडवं होऊन उजव्या लेनमध्ये तोंड घालावं. मागून शिव्या येतील, त्या राइटवाल्यांच्या असतात. राइटला आणि यू-टर्नला इंडिकेटर एकच असल्यामुळे आपण त्यांच्याच वाटेने निघालोय, असं त्यांना वाटतं. हा गैरसमज शेवटपर्यंत तसाच ठेवावा. बाण हिरवा झाला की ते सुसाट निघायला बघतात. नेमकं तेव्हाच दुभाजकाच्या टोकाशी गाडी जवळजवळ थांबवावी आणि स्टीअरिंग पूर्ण फिरवावं.

इथे थोडं गणित आहे. छोट्या मोटारीला एका दमात वळायला साधारण १० मीटर लागतात. साडेतीन मीटरच्या दोन लेन म्हणजे पलीकडे ७ मीटर. दुभाजक आणि आपल्या बाजूची जागा धरली, तर कागदावर जेमतेम जमतं. रस्त्यावर त्या सातांतले दोन मीटर रिक्षा स्टँडने घेतलेले असतात. रिक्षाला हा प्रश्न पडत नाही, ती जागच्या जागी फिरते.

तेवढ्यात उजव्या हाताच्या रस्त्यावरून फ्री लेफ्टवाले येतात. ते बिचारे मान उजवीकडे वळवून बघतात. तिकडची वाहनं लाल सिग्नलला उभी, म्हणून निश्चिंत मनाने डावीकडे वळतात आणि समोर आपलं बॉनेट. आता संवाद अटळ आहे.

"फ्री लेफ्ट आहे, दिसत नाही?"

"मला बाण आहे, काका."

"बाण राइटचा आहे. माघारी फिरायचा नाही!"

काकांचा मुद्दा बिनतोड आहे, म्हणून त्यावर बोलू नये. "हेल्मेट कुठंय?" असं विचारावं.

कायद्याची भीती बाळगू नये. गजबजलेल्या रस्त्यावर यू-टर्न घेऊ नये, असं १९८९ च्या नियमांत होतं. २०१७ साली नवी नियमावली आली, तरी हा मुद्दा तिच्यातही राहिला. रस्ता गजबजलेला आहे की नाही हे चालकानेच ठरवायचं असल्यामुळे तो आजवर कुणालाच गजबजलेला वाटलेला नाही.

अमेरिकेत उजव्या बाजूने चालवतात, म्हणून तिथे हेच भांडण यू-टर्नवाला आणि राइटवाला यांच्यात लागतं. 'यू-टर्नवाल्याने राइटवाल्याला वाट द्यावी' अशी पाटीच तिथे आहे. मिशिगनमध्ये तर १९६० च्या दशकापासून मोठ्या रस्त्यांवर चौकातलं अवघड वळण बंद करून पुढे दुभाजकातून यू-टर्न घ्यायला लावतात. पुण्यातही काही चौकांत राइट बंद करून यू-टर्न पुढे नेले. म्हणजे राइटवाल्यालाच यू-टर्नवाला करून टाकलं. भांडायला दुसरा पक्ष उरला नाही. हा तोडगा मला मनापासून आवडतो, फक्त आता सगळेच दुभाजकाच्या टोकाशी थांबतात.

मागच्यांना एक विनंती. पुढच्याचं बॉनेट रिक्षा स्टँडला टेकलं असेल, तर हॉर्नवरचा हात काढा आणि तीन फूट मागे सरका. त्याला रिव्हर्स टाकायचाय.