बॅकअप आहे हो, काळजी नको!

‘बॅकअप आहे का?’ कुठल्याही कंपनीत विचारा. उत्तर ठसक्यात मिळते, ‘आहे की! रोज रात्री आपोआप होतो.’ मग जरा पुढचे विचारा, ‘त्यातली मागच्या महिन्याची एक फाइल उघडून दाखवता?’

लगेच चहा मागवला जातो.

भोसरी घ्या नाहीतर सातपूर. मधल्या फळीतल्या कारखान्याचा डेटा म्हणजे काय? टॅली, पगारपत्रक, गिऱ्हाइकांची ड्रॉइंग्ज, जीएसटीचे कागद. सगळे एका सर्व्हरवर. सर्व्हरला एक्सटर्नल हार्ड डिस्क लावलेली, तोच बॅकअप. ती वर्षानुवर्षे लावलेलीच असते, कारण टेबलाखाली वाकून काढणार कोण? रॅन्समवेअर शिरते तेव्हा सर्व्हरच्या फायलींना कुलूप घालते आणि त्याच दमात डिस्कलाही. खंडणीवाल्याला दुसरी फेरी मारावी लागू नये, एवढी सोय आपण करून ठेवलेली असते.

छोट्यांना हसायचे कारण नाही. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचे मालवेअर मर्स्क या बड्या जहाज कंपनीत घुसले आणि न्हावाशेव्याला जेएनपीटीतले तिच्या समूहाचे टर्मिनलही आडवे झाले. कुणाला आत घ्यायचे हे ठरवणारे कंपनीचे सर्व्हर होते दीडशेच्या आसपास. ते एकमेकांचे बॅकअप! एकाच वेळी सगळेच पुसले जातील, हे कुणाच्या गावीही नव्हते. पुसले गेले. वाचला एक, घानातला.

कारण तिथे वीज गेली होती.

पुढचे ऐका. तिथले इंटरनेट इतके मंद की डेटा ब्रिटनमधल्या कार्यालयात पाठवता येईना, आणि घानाच्या माणसांकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. मग एकाने त्या सर्व्हरची डिस्क नायजेरियाला नेऊन दुसऱ्याच्या हवाली केली आणि तो ती घेऊन लंडनला गेला. जगभर कंटेनर हलवणाऱ्या कंपनीचा जीव एका प्रवाशाच्या सामानात! आपण महावितरणला उगाच नावे ठेवतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातले अव्वल रुग्णालय कागद-पेनावर आले. नेटवर्कचे कप्पे नीट पाडलेले नव्हते, असे सरकारने संसदेत सांगितले. ई-हॉस्पिटलचा डेटा परत मिळाला तो झळ न बसलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून. म्हणजे बॅकअपचा उपयोग होतो. फक्त तो आगीच्या शेजारी ठेवायचा नसतो.

आता देखरेख. ती तर सगळीकडे असते. स्क्रीनवर हिरवे-लाल दिवे, महिन्याला गुळगुळीत रिपोर्ट. धोक्याचा इशारा देणारा मेल जातो कुणाला? दिवाळीच्या आधी नोकरी सोडून गेलेल्या मुलाला. त्याचे लॉगिन अजून चालू आहे ना, मग झाले तर!

चोरांना मात्र आपले वेळापत्रक पाठ असते. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला तो ११ ऑगस्ट २०१८ रोजी. वार शनिवार. एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत मालवेअर बसवले होते. खात्यात पैसे आहेत का, हा प्रश्न बँकेच्या मूळ यंत्रणेपर्यंत पोचतच नव्हता. मधल्या मधेच ‘हो’ म्हटले जात होते. बनावट कार्डांनी २८ देशांत पैसे निघाले. सोमवारी आणखी रक्कम हाँगकाँगला रवाना. एकूण फटका ९४ कोटींचा. आपल्या-तुपल्याला मात्र दहा हजार काढताना मशीन तीनदा विचारते.

नियम आहेत, नाही असे नाही. क्लार्कच्या संगणकाचे यूएसबी बंद. पासवर्ड तीन महिन्यांनी बदलायचा, म्हणजे शेवटचा आकडा एकने वाढवायचा. आणि मोठे साहेब? त्यांच्या लॅपटॉपला ॲडमिनचे सगळे अधिकार, त्यावर चिरंजीवांचा फुकटात उतरवलेला गेम, कोटेशनची देवाणघेवाण खासगी व्हॉट्सॲपवर. सर्वांत मोलाचा डेटा सर्वांत मोकळ्या मशीनवर. सांगणार कोण? पगाराची सही कुणाची असते?

फोनचे तर विचारूच नका. हरवलेल्या फोनमधला ऑफिसचा डेटा दुरून पुसता येतो, त्यासाठी आधी त्यावर कंपनीचे ॲप लागते. इथे सगळे बिथरतात, ‘आमचे फोटो बघाल!’ अँड्रॉइडच्या वर्क प्रोफाइलमध्ये ऑफिसचा कप्पा वेगळा असतो, खासगी फोटो कंपनीला दिसत नाहीत. पण कंपनीवर विश्वास नाही. टॉर्चच्या ॲपने कॉन्टॅक्ट मागितले की लगेच ‘अलाऊ’.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. तारीख कित्येक वर्षे आधी जाहीर होती. तरी काउंटरवरच्या संगणकावर तेच, आणि वर उत्तर, ‘चालतंय ना?’

चालतंय. तेवढेच तर चालतंय!

कायदाही आता झोपलेला नाही. सायबर हल्ला झाल्याचे कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवायचे, असा आदेश एप्रिल २०२२ चा. सहा तास? आपल्याकडे तेवढा वेळ ‘रीस्टार्ट करून बघितलं का?’ यातच जातो. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हलगर्जीला दंड आहे २५० कोटींपर्यंत. एवढ्या किमतीत टेबलाखाली वाकणारा माणूस नक्की मिळाला असता.

तेव्हा सोमवारी एकच करा. नोकरी सोडून गेलेल्यांची यादी एचआरकडून मागवा, आयटीवाल्याला समोर बसवा आणि कुणाकुणाचे लॉगिन अजून जिवंत आहे ते स्वतः बघा. यादी शिपायापासून नव्हे, माजी संचालकांपासून वाचायला घ्या.