सहाशेची लेन्स आणि तीन किलो तांदूळ

ताडोबाचं बुकिंग झालं त्याच रात्री आमच्या घरात लेन्सचा विषय निघाला. निघाला म्हणजे मीच काढला. पण 'निघाला' म्हटलं की जबाबदारी जरा वाटली जाते. माझ्याकडे ५५-२५०ची एक लेन्स होती. भाचीचं बारसं, सिंहगडावरची माकडं आणि एकदा समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर बसलेली घार, एवढं तिने निभावलं होतं. घार फोटोत ओळखू येते. फक्त ती घार आहे हे आधी सांगावं लागतं.

बायको बँकेत कर्जविभागात आहे. माझं सगळं निवेदन तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "वर्षातून किती दिवस लागणार ही?"

हा प्रश्न लेन्सच्या जाहिरातीत कधी नसतो. तिथे असतात ते आकडे, आणि त्या आकड्यांत मी दोन महिने पुरता बुडालो होतो. पाणवठ्यावर मोठमोठे फोटोग्राफर तोफेसारखी लेन्स रोखून बसलेले असतात, ती बहुधा ६०० मिलिमीटर, एफ ४ असते. किंमत दहा लाखांच्या पुढे. इतकी का, याचं उत्तर शाळेतल्या भागाकारात आहे. ६०० भागिले ४ म्हणजे दीडशे. उजेड आत यायला दीडशे मिलिमीटरचं, छोट्या ताटलीएवढं तोंड लागतं. तेवढ्या मोठ्या काचा घडवायच्या, घासायच्या, त्यांत किंचितही दोष ठेवायचा नाही, याचे ते पैसे. सिग्मा आणि टॅमरॉन या कंपन्यांनी दहाएक वर्षांपूर्वी आमच्यासारख्यांकडे पाहून १५०-६०० काढल्या. लांबी तीच, पण ६०० वर गेलं की एफ ६.३. पुन्हा भागाकार करा: पंच्याण्णव मिलिमीटर. ताटलीची बशी झाली आणि दहा लाखांचे लाखाच्या आत आले. निकॉनवाल्यांसाठी २००-५०० आहे, तिचं तोंड जरा लहान आणि वजन दोन किलो तीनशे ग्रॅम.

बशी आणि ताटली यांतला फरक दुकानात कळत नाही, कारण दुकानात ट्यूबलाइट असते. जंगलात वाघ फिरतो पहाटे आणि तिन्हीसांजेला, तोही बांबूच्या बेटातून. त्या वेळी बशीतून ताटलीच्या मानाने जेमतेम चाळीस टक्के उजेड येतो. लेन्स लांब असली की हाताची थरथरही तितकीच मोठी होऊन दिसते, म्हणून शटर निदान सेकंदाच्या सहाशेव्या भागात मिटायला हवं. आमच्या छोट्या सेन्सरला तर हजाराव्या. मग कॅमेऱ्याची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, चढवायचा. तो चढवला की वाघाच्या अंगावर बारीक रवा सांडल्यासारखा दिसतो. लांबीच्या हव्यासात आम्ही उजेडाचं विसरतो, असं माझं मत आहे. ते मत मला परत आल्यावर झालं.

कॅननची एक ८०० मिलिमीटरची लेन्सही आहे. सव्वा किलोची, त्या मानाने स्वस्त, पण एफ ११. म्हणजे भर दुपारी उन्हात येऊन उभा राहील अशा सोशिक वाघासाठी. शिवाय मे महिन्यातल्या चंद्रपूरच्या दुपारी जमिनीवरून हवा अशी थरथरत वर येते की लांबचा वाघ कुठल्याही लेन्सने पाण्यात पडल्यासारखाच दिसतो.

मग सेकंडहॅण्ड. एका जाहिरातीत लिहिलं होतं, 'फक्त दोनदा ताडोबा, एकदा भिगवण'. वधूवर मंडळातल्या 'निर्व्यसनी, शाकाहारी'सारखं ते वाचून मन भरून आलं. गृहस्थ चहाच्या दुकानात भेटले. मला शिकवलं होतं त्याप्रमाणे मी मागून मोबाईलची बॅटरी मारून पाहिलं. आत काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे नाजूक पांढरे धागे. बुरशी. पुण्याचे चार पावसाळे त्या लेन्सने बंद बॅगेत काढले असणार. "ती फोटोत येत नाही हो," गृहस्थ म्हणाले. बुरशी खरंच लगेच फोटोत येत नाही. ती आधी मनात येते. चहाचे पैसे मात्र त्यांनीच दिले.

"भाड्याने मिळत नाही का?" बायको म्हणाली.

मिळते. अनामत ठेवून, दिवसाच्या हिशेबाने. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण भाड्याच्या शेरवानीतल्या नवरदेवाला जसं होतं तसं मला होत होतं. शेवटी तीन दिवसांसाठी १५०-६०० आणली. उरलेल्या पैशांत काय काय होईल हे बायकोने सांगितलं नाही, हा तिचा मोठेपणा.

दोन किलोची ती लेन्स उघड्या जिप्सीत हातात धरून बसणं शक्य नसतं, म्हणून ती टेकवायला जुन्या जीन्सचा पाय कापून पिशवी शिवली होती. ती रिकामी न्यायची आणि तिकडे गेल्यावर भरायची. मोहर्लीच्या दुकानात मी तीन किलो तांदूळ मागितला.

"कोणता देऊ जी? खायाचा का?"

"नाही, कॅमेऱ्याला."

दुकानदाराच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्याने माझ्यासारखे पुष्कळ पाहिले असावेत. "मंग जाडा घ्या, स्वस्त पडते."

दोन महिन्यांत मला मिळालेला हा सर्वांत नेमका सल्ला.

पहिले दोन दिवस सांबरं, गवे, आणि साडेचारशे मीटरवर गवतात हलणारं काहीतरी. तिसऱ्या दिवशी सकाळी चितळाचा कॉल आला, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, आणि वाघीण थेट रस्त्यावर आली. आली ती चालतच राहिली. आमच्याकडे. मी ६०० वरून ४०० वर आलो, ४०० वरून २००, मग १५०. त्याच्या खाली रिंग फिरेना. मागे घ्यायला सांगावं तर मागे सात-आठ जिप्स्या चिकटून उभ्या. सहा-सात मीटरवरून माझ्या चौकटीत जेमतेम एक मीटर मावत होतं, आणि वाघीण शेपूट सोडूनही दीड मीटरच्या वर. मोबाईल गेटवर जमा. ५५-२५० रिसॉर्टच्या कपाटात. तिला मीच विश्रांती दिली होती.

बायको शेजारी मांडीवर हात ठेवून बसली होती. वाघीण गेल्यावर म्हणाली, "तिच्या डाव्या कानाला खाच आहे, पाहिलीस?"

मी पाहिली नव्हती. माझ्याकडे कुशीचे चौतीस फोटो होते. त्यातला एक फार सुरेख आला आहे: पट्टा न् पट्टा, केस न् केस मोजून घ्यावा असा. सासूबाईंनी तो पाहून सोफ्याचं कापड कुठून घेतलं, असं विचारलं.

लेन्स परत गेली, अनामत मिळाली. जाडा तांदूळ बायकोने निवडला, धुतला, भिजत घातला, आणि रविवारी त्याचे घावन झाले. जाळीदार, कडेला कुरकुरीत. सहलीचा खर्च तिने नेहमीप्रमाणे वहीत मांडला आहे. लेन्सच्या भाड्यापुढचा रकाना रिकामा आहे. तांदूळ, तीन किलो, याच्यापुढे लिहिलंय: 'वसूल'.