सामायिक मेमरी, स्वतंत्र शिक्षा

लिनक्समध्ये मेमरी संपली की कर्नल एका प्रोसेसचा बळी देतो. त्यासाठी प्रत्येकीच्या नावावरची रॅम, स्वॅप आणि पेज-टेबले मोजून गुणांक ठरतो. मेमरीचे सामायिक पान मात्र वापरणाऱ्या प्रत्येकीच्या खात्यावर पूर्ण चढते. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या 50 प्रोसेसनी 8 जीबीचा एकच साठा हाताळला, की 16 जीबीच्या यंत्रात कागदोपत्री 400 जीबी! रास्त वाटणीचा पीएसएस हा आकडा काढता येतो. पण त्याला वेळ लागतो आणि इथे फाशीची घाई. 2010 पूर्वी तर प्रोसेसने जन्माला घातलेल्या पोरांचा निम्मा भार आईच्याच माथी पडे. बरे, एकीला मारून सामायिक साठा सुटत नाहीच. उलट साठा बिघडला असेल या धास्तीने पोस्टग्रेस उरलेल्या 49 जणींचीही वासलात लावतो. वशिल्याची सोय आहेच: गुणांकाची दुरुस्ती उणे 1000 केली, की त्या प्रोसेसला अभय.